गोळीमागचा नंबर

आप्पा, तुझी सायकल जिथं उभी असायची त्या मागच्या खोलीतून हे लिहितोय. सायकल कधीच भंगारात गेली, आता तिच्या जागी मला लावून ठेवलंय. आईनं खाट टाकलीय, हवा खेळावी म्हणून खिडकीचं फळकूट काढलंय, आणि दाराबाहेर एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. जेवण त्या स्टुलावर येतं, रिकामं ताट त्या स्टुलावरून जातं. मधल्या वेळात मी असतो, भिंत असते आणि भिंतीवर एक पाल. पालीला मी नाव ठेवलंय, पण ते सांगत नाही, आत्याला राग येईल. शाळेत पत्रलेखन आलं की मी पोट धरून घरी पळायचो हे तुला माहीत आहे. आज कुणी सांगितलं नसताना वहीची पानं फाडून बसलोय, यावरून माझी गत समज.

मला टीबी झालाय. साधा नाही, हट्टी. नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही असला. अख्ख्या पट्ट्याला टीबीच्या गोळ्या गिळवत फिरलेल्या माणसाचा पोरगा, आणि त्यालाच हा. तू असतास तर आधी हसला असतास. मग हसला नसतास.

तू आरोग्य केंद्रात होतास. हुद्दा काय होता ते मला कधी पाठ झालं नाही, गावात तुला सगळे गोळीवालाच म्हणायचे. तेव्हा या गोळ्या पेशंटच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, समोर बसून गिळवायच्या, असा नियम होता. एक दिवसाआड तू सायकल काढायचास. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत गोळ्यांचे डबे, पाण्याची बाटली आणि तुझा तो पोचा आलेला स्टीलचा पेला. पेला तू घरून न्यायचास, कारण काही घरांत आपल्या लोकांना अजून पेला मिळत नव्हता. त्याच घरातलं एखादं माणूस खोकायला लागलं की घरचेच त्याला गोठ्याकडे हलवायचे, त्याचं ताट वेगळं करायचे, आणि मग त्याच्याजवळ बसणारा गावात तू एकटा. तो तुझ्याच पेल्यातून पाणी प्यायचा. तुला नाही का होणार, असं मी विचारलं होतं. "खोकल्यातून जातो रं, पेल्यातून न्हाय," तू म्हणालास. तोच पेला आता माझ्या उशाशी आहे. माझी भांडी वेगळी केली तेव्हा आईनं फडताळातून तोच काढून दिला. 

गोळी गिळून झाली तरी तू उठायचा नाहीस. म्हाताऱ्या माणसाला आ कर म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तू कुणाला तोंड उघडायला लावलं नाहीस. नुसता बोलत बसायचास. म्हैस दूध किती देते, जावई आला का, भात कुठवर आलंय. मोजून दहा मिनिटं. गालात गोळी धरून दहा मिनिटं बोलणार कोण? ती विरघळते, कडू होते, गिळावीच लागते. तरी लोक फसवायचेच, आणि ते तू जेवताना आम्हाला सांगायचास. एकानं गोळी कोंबडीला चारली. एकानं पानाच्या विड्यात गुंडाळून थुंकली. आणि तो कोकमवाला. या गोळ्यांनी लघवी तांबडी होते, म्हणून तू बाटली तपासायचास, तर त्या गड्यानं बाटलीत कोकम सरबत भरून ठेवलं. तू बघतोस तर बाटलीला मुंग्या. तू त्याला म्हणालास, "अरे, टीबीबरोबर तुला साखरपण झाली की." आई हसता हसता उचकी लागून उठली होती. मला वाटतं माझी खरी शाळा तीच. तू सांगत होतास लोक कसे चुकतात ते, आणि मी शिकत होतो गोळी कशी चुकवायची ते.

तिसरीत असताना मी तुझ्या डब्यातली एक गोळी काढून तिथं लिमलेटची गोळी ठेवली होती. तुझी फजिती बघायची होती, बाकी काही नाही. तू भर दुपारी घरी आलास. मला वाटलं आता पट्टा निघणार. तू मला सायकलवर बसवलंही नाहीस. सायकल हातात धरून चालत निघालास, मी मागून अनवाणी, पार खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून, ज्याच्या वाट्याला लिमलेट गेली त्या म्हाताऱ्याच्या घरापर्यंत. तिथं मला त्याच्या हातात खरी गोळी द्यायला लावलीस, आणि त्यानं गिळल्यावर म्हणालास, "आता बोल त्याच्याशी. मी थकलो." मी दहा मिनिटं काय बोललो देव जाणे, शाळेतल्या बेडकाचं काहीतरी. म्हातारा हसला. येताना तू एवढंच विचारलंस, "तुझ्या गमतीत तो मेला असता तर हसलं कोण असतं?"  सातवीत होतो तेव्हा तू गेलास, उत्तर राहून गेलं.

आता माझं सांगतो. मांडव्याच्या जेट्टीवर मी बोटीचे दोर बांधायला लागलो होतो. गेल्या वर्षी खोकला धरला, वजन उतरलं, थुंकी तपासली आणि गोळ्या सुरू झाल्या. हल्ली कुणी समोर बसत नाही, आप्पा. हल्ली मोबाईल बसतो. पाकिटातून गोळी फोडली की तिच्या मागे एक फोन नंबर दिसतो, रोज वेगळा. त्या नंबरवर मिसकॉल द्यायचा, की तिकडं नोंद होते, आज यानं गोळ्या घेतल्या. ते बघितलं आणि मला तुझा कोकमवाला आठवला. बिचाऱ्याला सरबत करावं लागलं. मला नुसता अंगठा हलवायचा होता.

सुरुवातीचे दोन महिने मी इमानदारीत घेतल्या. खोकला गेला, भूक लागली, मी बरा झालो असंच वाटलं. आणि गोळी पोटात असली की बोटीवर मळमळायचं, एकदा पाहुण्यांच्या बॅगेवर ओकलो, मालकानं सगळ्यांसमोर झापलं. मग मी गोळ्या फोडायच्या, नंबर बघायचा, मिसकॉल द्यायचा आणि गोळ्या खिशात टाकायच्या, असं चालू केलं. आठवड्यातून एखाद दिवस आठवण आली तर घ्यायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. एवढं मोठं सरकारी मशीन, आणि त्याला मी रोज सकाळी दात घासता घासता गंडवतोय. केंद्रातली गोळ्यांची ताई महिन्यातून एकदा यायची, मोबाईल उघडून दाखवायची, सगळे दिवस हिरवे. आईला म्हणायची, माझा सगळ्यात चांगला पेशंट. आई तिला चहाबरोबर चकल्या द्यायची.

हिवाळ्यात खोकला परत आला. या वेळी थुंकीत रक्त होतं. नमुना लांब पाठवला, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की तुझ्या जंतूंवर त्या गोळ्या आता चालत नाहीत. अर्धवट गोळ्या खाल्ल्या की जंतू मरत नाहीत, उलट गोळी ओळखायला शिकतात. म्हणजे मी मशीनला गंडवत होतो आणि आतले जंतू माझ्याकडून शिकून बसले. डॉक्टरांनी विचारलं, चुकवल्यास का? मी तोंड उघडायच्या आधी ताईनंच मोबाईल पुढं केला. सगळं हिरवं. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं, मी लिहू दिलं. त्या गप्प राहण्यात मी अजून बसलोय. नव्या गोळ्या जबर आहेत. अंगाचा रंग काळवंडलाय, पावलांना सारख्या मुंग्या येतात, आणि या वेळी मुंग्या कोकमाच्या नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. माझं मी निस्तरलं असतं. पण शेजारचा काका, सहा सीटर रिक्षावाला, तुझा पत्त्यातला जोडीदार, त्यालाही झालाय. रोज सकाळी जेट्टीला जाताना मी त्याच्या शेजारी पुढं बसायचो, तेव्हा कुणामुळे झाला हे विचारायची गरज नाही. फक्त नशीब एवढं की त्याचा साधा निघाला. मी तेव्हा नवीन होतो, माझे जंतू अजून शिकले नव्हते. त्या जुन्याच गोळ्या त्याला लागू पडतात. त्यानं महिनाभर घेतल्या आणि माझ्याबद्दल ऐकून सोडल्या. आई विहिरीवर सगळ्यांना सांगते ना, पोरानं एक गोळी चुकवली न्हाय तरी असं झालं. खोटं नाही बोलत ती, तिला तेवढंच माहीत आहे. काकानं ओट्यावरून मला ऐकवलं, "तुला लागल्या न्हाईत, मला काय लागनार? पावडर हाय नुसती." आणि तो रोज शाळेची पोरं भरून नेतो. सकाळी गाडी चालू व्हायच्या आधी मला त्याचा खोकला ऐकू येतो. मी खाटेवर पडून मोजतो. मग पोरांचा आवाज येतो. मग गाडी जाते. खिडकी उघडी आहे, आप्पा, पण मी कुठं जाणार.

आज सकाळी तो खिडकीसमोर अंगणात आला. लांबूनच विचारलं, "काय रं, कसं हाय?" मी तोंडावरचा मास्क नीट केला आणि सांगून टाकलं. गोळ्या खाल्ल्या नाहीत, नुसते मिसकॉल दिले. काका हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला.

"ताईनं पढवलाय तुला," म्हणाला.

"खरं सांगतोय, काका."

"माझ्या सायलेन्सरात बटाटा कोंबणारा तू. मोबाईल खोटा आन् तू खरा व्हय?"

बघ, कसा अडकलोय. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर साक्षीला कोण, मीच. तो वळून निघाला. तेव्हा मी खुंटीवरची तुझी खाकी पिशवी काढली. गोळ्या मी फेकल्या नव्हत्या. का ते माहीत नाही, समुद्र समोर होता, खिसा उलटा केला असता तर झालं असतं. पण उरलेली एकेक गोळी तू केंद्रात परत नेऊन द्यायचास, ते बघून वाढलोय, हात धजावला नाही. रोज संध्याकाळी खिसा या पिशवीतल्या तुझ्या जुन्या डब्यांत रिकामा करायचो. ते डबे मी खिडकीच्या कट्ट्यावर ओतले. तांबड्या गोळ्या, महिन्यामहिन्यांच्या, घरंगळत बाहेर अंगणातसुद्धा गेल्या.

काका उभा राहिला. पण माझं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. आई माझा चहा घेऊन कोपऱ्यावर आली होती. तिनं सगळं बघितलं. चहा स्टुलावर ठेवला, वाकून अंगणात पडलेल्या दोन-तीन गोळ्या वेचल्या, पदराला पुसल्या आणि कट्ट्यावर ढिगात परत ठेवल्या. मग म्हणाली, "त्यांची पिशवी तरी सोडायचीस." एवढंच. आत गेली. तुझा पट्टा निघाला असता तर बरं झालं असतं.

काका घरात गेला. मला वाटलं संपलं. पोरं येऊन गाडीजवळ उभी राहिली, हॉर्न वाजवायला लागली. मग तो ओट्यावर आला, हातात पाकीट आणि तांब्या. पोरांना म्हणाला, आज दुसऱ्या गाडीनं जा. ओट्याच्या कडेला बसला आणि माझ्याकडं तोंड करून ओरडला, "ए गोळीवाल्या, बघ इकडं." गोळ्या फोडल्या, एकेक करून गिळल्या, वरून पाणी प्यायला. उठायला लागला तर मी म्हणालो, बस की काका, गाडीचं पासिंग कधी आहे? तो बसला. पासिंगवरून टायरवर आलो, टायरवरून त्याच्या मेव्हण्यावर. मेव्हण्याच्या तीन भानगडी सांगून होईस्तोवर दहा मिनिटं कधीच झाली होती. मला जमतं, आप्पा.

ताईला फोन करायचाय. तिच्या मोबाईलमधल्या सगळ्या हिरव्या दिवसांचं तिला सांगायचंय. नंबर काढून ठेवलाय, अजून लावला नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते तुझ्या पिशवीत जाईल, गोळ्या होत्या तिथं.

आणि एक. उठताना काकानं विचारलं, "तू घेतलीस का रं आजची?" मी हो म्हणून मान हलवली. घेतली नव्हती. हे लिहायला लागलो तेव्हापासून माझ्या गोळ्या पेल्याशेजारी तशाच आहेत, आईचा चहा गार झालाय. आता घेतो. इथं समोर बसायला कुणी येऊ शकत नाही. तू दहा मिनिटं बस.