उचललेल्या टाचण्या

३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या उजव्या हातातून टाचण्या गळतात. डॉक्टर म्हणाले, अंगातले राखणदारच मेंदूवर उठलेत, त्यांना औषधाने आवरायचं. औषध घेते, पण शिवणयंत्रावर चादर टाकलीय. म्हणते, माझ्यातली शिंपीण संपली. तू प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसतेस, त्याचा घराला काही उपयोग? सोपं लिही. चौथी नापास आहे मी, ठार अडाणी नाही.

लोभ आहे, डोक्यावर चढवून घेऊ नकोस.

तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, तो रसायन सांडून. निरोप पोचला की ते उचलावं लागतं, साचलं तर पेशींनाच जाळतं. उचलतात शेजारच्या मदतनीस पेशी, चांदणीसारख्या दिसणाऱ्या. उचललेलं त्या फेकत नाहीत, त्याचं रूप बदलून निरोप देणारीलाच परत देतात. आईसारख्या दुखण्यात सूज येते आणि या मदतनीसच गांगरतात. आमच्या उंदरांत सूज उतरल्यावर काही पुन्हा कामाला लागल्या. माणसांसाठी त्यातून औषध निघायला वेळ आहे, खोटं सांगत नाही. पण सूज आवरणारं आईचं औषध चुकवू नका.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीच मदतनीस झाले. टाचणी पडली की उचल, डबीत टाक, डबी कपाटात. कात्री काढून घेतली. सुनेला नुसती बसवून ठेवली. परवा भडकली. म्हणाली, अहो आई, दुखण्यानं बोटंच नेली, तुम्ही तर कामच नेलंत.

पत्र पुन्हा काढलं. परत देतात, हे तू लिहिलं होतंस. मी उचलण्यापर्यंतच वाचून कंबर कसली होती. डबी तिच्या मांडीवर आणून आपटली. आता ती पाडते, मी उचलून तिच्याच बोटांत देते, ती पुन्हा टोचते. दोघींची तोंडं चालूच.

काल तिने माझ्या उशीला हातानेच अभ्रा शिवला. टीप अशी वाकडीतिकडी गेलीय, जशी म्हैस पाण्याला जाते. त्यावरच झोपले. आज यंत्रावरची चादर घडी करून ठेवलीय. यंत्र चालतं, अडतं, पुन्हा चालतं.

तुझ्या उंदरांना माझा नमस्कार सांग. उरलेली माया तुला. आटोपते, आत डबी सांडली.

तुझी आजी