कादंबरीतला सुतार

बाबा, तुमच्या कादंबरीत तो सुतार कशासाठी होता, ते मला आत्ता, या मे महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. माझं डोकं उशिरा चालतं, हे तुम्हाला ठाऊकच होतं.

तुम्ही दिल्लीत सरकारी कॉलनीच्या एन्क्वायरीत, म्हणजे दुरुस्तीच्या ऑफिसात होतात. कुणाचा नळ गळतो, कुणाचं छत, अशा तक्रारींमागे दिवस गेला की संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्ही मंगळावरचं नगर लिहायचात, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. मी तेव्हा बी.ए.ला, स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे. नगरावर काचेचं आभाळ, पृथ्वीशी भांडण, एक देखणा नायक. आणि मध्येच, कुणाशी काही संबंध नसलेला हा सुतार. तो घरोघरी जातो, घासणाऱ्या दारांवर रंधा मारतो, चहा पितो, लाकडाचा कीस पोत्यात भरतो आणि निघतो. लोक खूश. पुढच्या प्रकरणात पुन्हा तीच दारं, तोच सुतार, पोतं मात्र जड झालेलं. मी तुमची खूप थट्टा केली. "बाबा, यार, मंगळावर झाडच नाही, लाकूड आलं कुठून?" तुम्ही नुसते हसलात. मंडळाने पानं कमी करायला सांगितली तेव्हा मी तुम्हाला न विचारता सुतार काढून टाकला.

अंक आला. तुम्ही ओट्याशी उभे आहात, चहा उकळतो आहे, तुम्ही पानं मागेपुढे करता आहात.

"सुतार कुठे गेला गं?"

"तो काही करतच नव्हता, बाबा. नुसती दारं तासत होता."

"अच्छा." तुम्ही शेवटचं पान माझ्यासमोर धरलंत. त्यात भरदुपारी अख्खं नगर जमिनीत जातं. "मग हे कशानं झालं?"

रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चहा गाळलात, माझ्या हातात कप दिलात आणि त्यानंतर कधी एक ओळ लिहिली नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

खरं तर उत्तर मला माहीत असायला हवं होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कॉलनीतल्या मागच्या ओळीतल्या घरांची दारं अडकायला लागली, तेव्हा तुम्ही मला बरोबर नेलं होतंत. चौकटीवरून तळवा फिरवत म्हणालात, "पावसात लाकूड फुगतं, बिल्कुल. पण मे महिन्यात दार अडकलं तर लाकडाकडे बघू नकोस, जमिनीकडे बघ." चार घरं तुम्ही रिकामी करायला लावलीत. लोकांनी तुम्हाला शिव्या घातल्या. ऑगस्टात तिथली भिंत बसली, तेव्हा आत कुणी नव्हतं.

आता मी नोएडात अठराव्या मजल्यावर राहते. माझी सगळी मिळकत या घरात आहे. बाहेर कोरडी, भाजणारी लू चालली आहे, टेबलाचं लाकूडसुद्धा तडकलं आहे, आणि बेडरूमचं दार पंधरा दिवसांपासून वरच्या कोपऱ्यात घासतं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "आंटी, लकड़ी है, मौसम से फूल जाती है।" परवा सुतार आला. त्याने रंधा मारला, चहा प्यायला. मी विचारलं, "काम ठीक चल रहा है?" तो म्हणाला, "इस टावर में तो बहुत काम है, मैडम। सबके दरवाज़े।" तो गेल्यावर मी दारात उभी राहिले, तर खालच्या कुठल्यातरी मजल्यावरून पुन्हा रंध्याचा आवाज यायला लागला.

घर विकायला काढलं आहे, उद्या सकाळी बघायला एक जोडपं येणार आहे. नागपूरची मुलं, त्याची नुकतीच दिल्लीला एका मंत्रालयात बदली झाली आहे, तिला सातवा महिना आहे. काल तिचा फोन आला होता. "काकू, आईला फोटो पाठवले. तिला तुमचं स्वयंपाकघर फार आवडलं." मी म्हटलं, या, पोहे करते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. सुताराला मीच बोलावलं होतं, मुलं यायच्या आधी. दार आता एका बोटाने लागतं. त्यांनी काही विचारलं नाही तर मी सांगणार नाही, असं आत्ता तरी वाटतं आहे.