मिस्त्री परत आला

बाबा, तुमचा मिस्त्री परत आला. आणि तो परत आला म्हणून जगभरातले दाढीमिशा आलेले बाप्ये हातपाय आपटून रडताहेत. हे सांगावं असं तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. मालिका तीच, आपली अंतराळातल्या जहाजाची. तुमच्यामागे तिचे किती अवतार आले नि गेले, मी हिशोब सोडला. नवे कप्तान आले, नवी जहाजं आली, आणि दर वेळी जुन्या भक्तांनी पहिल्या भागालाच सुतक धरलं. या खेपेला मात्र त्यांनी कमाल केली. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात जहाजाचं दार उघडतं आणि दारात मिस्त्री उभा. केस पांढरे, गाल बसलेले, पण नट तोच आणि एक खांदा पाडून उभं राहणंही तेच. जहाजाबाहेर दुरुस्तीला गेला असताना दोर तुटून काळोखात वाहून गेलेला तो माणूस तीस वर्षांनी दारात उभा राहिला, आणि मी हुडकेश्वरच्या माझ्या फ्लॅटमध्ये भरल्या ताटावरून उठून उभी राहिले.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला या मालिकेच्या नागपुरातल्या चाहत्यांच्या ग्रुपात घातलं आहे. चांगले शिकलेले, पगारदार, लेकुरवाळे लोक. रविवारी एका कॅफेत जमतात, सगळ्यांचे काळे टी-शर्ट, त्यावर जहाजाचं चित्र, ते चित्र पोटावर ताणलं जाऊन जहाज रुंद झालेलं. मिस्त्री दिसला त्या दिवशी या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकानं प्रोफाइलचा फोटो काढून तिथे काळा चौकोन लावला. एकानं कपाटातलं प्लॅस्टिकचं जहाज गच्चीवर नेऊन हातोडीनं फोडलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. व्हिडिओच्या शेवटी मागे त्याची बायको केरसुणी घेऊन उभी दिसते, तेवढंच मला त्यात पाहण्यासारखं वाटलं. आणि सगळ्यांचं एकच पालुपद, आमचं बालपण नासवलं. चाळिशीतली माणसं, बाबा, गृहकर्जं फेडणारी, आणि म्हणे आमचं बालपण नासवलं. यांचं बालपण कोणी हात लावला की नासतं, म्हणजे ते दूधच असलं पाहिजे.

मी न राहवून एकदा त्या कॅफेत गेले. ग्रुपचा जो म्होरक्या आहे तो मला शांतपणे समजावून सांगू लागला. "मॅडम, मेलेला माणूस परत कसा काय येईन? काही लॉजिक आहे का नाही?" मी म्हटलं, "तुमच्या त्या जहाजावर एक बोलणारं झाड आहे. ते कप्तानाला सल्ले देतं. त्याचं लॉजिक कसं लागलं तुम्हाला?" तो म्हणाला, "झाडाचं वेगळं आहे. झाड पहिल्या भागापासून आहे." म्हणजे जे आधी दाखवलं ते वेद, आणि नंतरचं सगळं भ्रष्ट. मग त्यानं मोबाइल पुढे केला. सह्यांची मोहीम होती. मागणी काय, तर ही नवी मालिका झालीच नाही असं कंपनीनं जाहीर करावं. मी हसले. तो दुखावला. झालेली गोष्ट झालीच नाही असं जाहीर करून घ्यायची सोय असती, तर मी आठ वर्षांची असतानाच त्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिले असते, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या कॉफीचे पैसे ठेवले आणि निघाले.

हे लोक मला शिकवणार मालिका कशी पाहायची. लकडगंजातल्या आपल्या गल्लीनं ती कशी पाहिली हे यांच्या सात पिढ्यांना कळणार नाही. लाकडाच्या वखारीवर तुमची ती केबलची खोली, तिथून गल्लीतल्या घराघरात तार गेलेली. दिवसभर खाली आरामशीन किंचाळते, भुसा जिन्यापर्यंत येतो, आणि संध्याकाळी मशीन थांबली की तुम्ही बर्डीवरच्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली कॅसेट लावता. मालिका इंग्रजी, तुम्हाला इंग्रजी येत नाही, गल्लीला तर त्याहून येत नाही. म्हणून तुम्ही गणपती मंडळाचा माइक आणून केबलला जोडला आणि चित्र चालू असताना गोष्ट तुम्ही सांगू लागलात. कॅसेट आधी एकदाही न पाहता. बेधडक ठोकून देत होता तुम्ही, आता म्हणायला हरकत नाही. कप्तान कामठीचा, कारण तो कडक इस्त्रीत वावरायचा आणि तुमच्या मते अशी माणसं छावणीतच होतात. जहाज हादरलं की रस्ता खराब. झाड बोलायला लागलं की तुम्ही आवाज घोगरा करायचा, आणि ते दर वेळी कप्तानाला लग्न कर म्हणून मागे लागायचं. ऐन लढाईत मधेच थांबून, "नळ जाऊन राहिला गा, ज्याचं पाणी भरायचं असन त्यानं भरून घ्या," असंही सांगायचा. लोक पाणी भरून परत येईपर्यंत शत्रू थांबलेला असायचा, कारण तुम्ही कॅसेट थांबवलेली असायची.

आणि एक दिवस मी शहाणपण केलं. शाळेत चार इंग्रजी शब्द शिकले होते, तेवढ्यावर तुमची बाही ओढून म्हटलं, "बाबा, तो तसं नाही म्हणून राहिला." तुम्ही रागावला नाहीत. माइक माझ्या हातात दिलात. "तुले समजते ना? मंग सांग." मी सांगू लागले. तो म्हणतो, थांबा. ती म्हणते, नाही. तो म्हणतो, आपण जाऊ. थोड्या वेळात खालून गल्लीतून आरडाओरडा सुरू झाला, समोरच्या काकू तर तरातरा जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "हे काय लावलं? कोणी मेलं का?" तुम्ही माइक परत घेतलात आणि इतकंच म्हणालात, "खरं सांगणं येगळं, गोष्ट सांगणं येगळं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

त्याच हिवाळ्यात आई गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही केबलची खोली उघडलीत, कारण लोकांनी महिन्याचे पैसे भरले होते आणि घरात बसून राहणं तुम्हाला जमत नव्हतं. मी तुमच्याजवळ सतरंजीवर बसले आहे. तुमचं डोकं तुळतुळीत, त्यावर टीव्हीचा निळा उजेड पडतो आहे. कॅसेट लागली. मिस्त्री जहाजाबाहेर गेला, दोर तुटला, तो वाहत वाहत बारीक झाला. आतली सगळी माणसं काचेला हात लावून रडत उभी. तुम्ही गप्प. माइक चालू आहे, गल्लीभर टीव्हीतून नुसतं इंग्रजी रडणं ऐकू येतं आहे. मग तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "तर मंडळी, मिस्त्र्याची बदली झाली. दुसऱ्या जहाजावर. आता चांगला माणूस बदलून गेला का ऑफिसवाले रडतेतच. येईन तो परत." भाग संपला. तुम्ही माइक बंद केलात. मी विचारलं, "आईची पण बदली झाली?" तुम्ही माझ्याकडे वळून बसलात. "नाही वं बाई. आई मेली. ते खरं आहे." मी विचारलं, मग मिस्त्री? तुम्ही म्हणालात, "या महिन्यात एकच पुरे." मला हे इतकं रास्त वाटलं की मी त्यावर पुन्हा कधी काही विचारलं नाही.

त्यानंतर मिस्त्र्याची खबर तुम्ही दर काही भागांनी देत राहिलात. त्याचा फोन आला होता, बरा आहे, तिकडचं जेवण मानवत नाही. आणि गल्ली चौकशी करत राहिली. भाजीवाल्याच्या गाडीपाशी काकू हमखास विचारायच्या, "मिस्त्री कधी येते भाऊ?" तुम्ही मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणायचा, "येईन, येईन. सुट्टी भेटत नाही त्याले." पुढे मोठ्या कंपन्यांच्या तारा आल्या, तुमची खोली बंद झाली, आणि मिस्त्र्याला परत आणण्याआधीच तुम्ही गेलात. मी कॉलेजात असताना तो खरा भाग पाहिला, तेव्हा त्यात तो मेला आहे हे मला नीट कळलं, आणि तरीही मला तुमचंच खरं वाटत राहिलं. आता त्याला दारात उभा पाहिला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की बाबांचा शब्द खरा झाला. ज्या गोष्टीवर ते टी-शर्टवाले थुंकत होते तिच्यावर माझा इतका जीव होता.

पहिला भाग संपताच मी काकूंना फोन केला. त्या अजून त्याच गल्लीत राहतात. मी ओरडलेच, "काकू, मिस्त्री आला." त्या म्हणाल्या, "आला का? बरं झालं बाई. म्हणतच होता तुहा बाप." मग दर रविवारी दुपारी मी त्यांना ऑटोनं माझ्याकडे आणायला लागले. मालिका हिंदीत अजून आली नव्हती, त्यामुळे मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. "तुहं सांगणं म्हणजे सातबारा वाचल्यासारखं," त्या म्हणायच्या, पण यायच्या. इकडे ग्रुपात शिमगा चालूच होता. कोणी तासन् तास व्हिडिओत बसून सिद्ध करत होता की तो दोर त्या जागी तुटला तर माणूस वाचूच शकत नाही. अंतराळातल्या दोराचे असे जाणकार नागपुरात आहेत हे मला माहीत नव्हतं.

शेवटचा भाग गेल्या रविवारी आला. काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर चिवड्याची वाटी. आणि त्या भागात उघड झालं की हा मिस्त्री मिस्त्री नव्हेच. शत्रूनं यंत्रात तयार केलेला हुबेहूब पुतळा. खरा मिस्त्री त्याच दिवशी मेला होता, दोर तुटला तेव्हा. नव्या कप्तानानं हे दोनदोनदा, स्पष्ट शब्दांत सांगितलं, कोणाला शंका राहायला नको म्हणून. शेजारी माझ्या मोबाइलवर ग्रुपात फटाके फुटायला लागले. लॉजिक वाचलं. अर्ध्यांना तेवढ्यानंही समाधान नव्हतं, त्यांना सगळी मालिकाच पुसून हवी होती. पडद्यावर सगळे रडत होते. काकू म्हणाल्या, "काय झालं वं? काहून रडून राहिले सारे?"

मी म्हटलं, "काकू, त्याची पुन्हा बदली झाली."

काकूंनी वाटी बाजूला ठेवली. "मेला ना तो?" मी मान हलवली. "मंग सरळ सांग ना. तेव्हाच मेला होता तो. दोर तुटताना साऱ्या गल्लीनं पाह्यला, आंधळे होतो का आम्ही?" मी विचारलं, मग तुम्ही दर वेळी बाबांना विचारायचात ते? त्या म्हणाल्या, "तुह्या बापाच्या घरी आताच झालं होतं. तो म्हणे बदली, त आम्ही म्हटलं बदली. कोण तोंड उघडन त्याच्यासमोर?" आणि पुन्हा चिवड्याची वाटी उचलली.

म्हणजे फक्त मीच खरं धरलं होतं, बाबा. मला वाटायचं, तुम्ही गल्लीला गोष्ट सांगत होता. पण गल्लीच तुम्हाला सांभाळून घेत होती. वखारवाले, भाजीवाला, काकू, ज्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्यांनी मिस्त्र्याचं मरण पाहिलं आणि वर्षानुवर्षं विचारत राहिले, कधी येतो म्हणून. तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक असणारच, असं आज वाटतं. आणि हे कॅफेतले काळे टी-शर्ट स्वतःला प्रेक्षक म्हणवतात. एका म्हाताऱ्या नटाला दारात दोन घटका उभा राहू देण्याची दानत यांच्यात नाही. यांना फक्त हिशोब जुळवून हवा. मला यांची किळस येते, आणि ती येत राहणार.

काकूंना ऑटोत बसवून मी वर आले. चिवड्याचे दाणे सोफ्याच्या फटीतून वेचले. मग मोबाइल उघडला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, पण असता, तरी हा शेवटचा तुकडा फाडूनच मी ते पाठवलं असतं. ती सह्यांची मोहीम अजून चालू होती, ही मालिका झालीच नाही असं जाहीर करा म्हणणारी. मी सही केली. त्या हातोडीवाल्याच्या ग्रुपात, त्याच यादीत, तुमच्या मुलीचं नाव आता आहे. खाली कारण लिहिल्याशिवाय सही घेत नाहीत. मी खूप विचार केला, दुसरं काही सुचलं नाही. मी लिहिलं, आमचं बालपण नासवलं.