धाकूच्या हौद्यातली थाप

मी, मोरेश्वर धाकू म्हात्रे, बी. ए., वय सेहेचाळीस, धंदा शिक्षक, राहणार कोपरी, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाविषयी डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे. बुद्धीविषयी त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण तो दबावात मोडत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर, विहीर व पोस्टातील शिल्लक पत्नी सौ. तुळसा हिला मिळावी. हे लिहीत असताना ती म्हणाली, "जित्तेपनी भांडला नाय, आता मेल्यावर भांडाल का?" होय.

२. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. रोजनिशीच्या वह्या तुळसाने चुलीत घालाव्यात. त्यांत मी माझा चुलत भाऊ गोविंदा याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली आहे. ती कोणाच्या हाती लागू नये.

३. घरामागची जागा, तालमीची छपरी व लाल मातीचा हौदा यांविषयी आधी थोडे सांगणे भाग आहे. हा हौदा माझ्या वडिलांनी खणला. ते मिठागरात निसरड्या बांधावरून डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहत, आणि तोल म्हणजे काय ते तिथेच शिकले. अंगाने ते माझ्यासारखेच किरकोळ होते. भारी गड्याशी लढताना ते सांगत, "त्याला ढकलू नको. तो ढकलंल तवा तू तथं राऊ नको. त्याचाच वजन त्याला खाली पारंल."

गोविंदा व माझा धाकटा भाऊ राघो याच मातीत शिकले. हात सरळ ताणून कोपराखाली मांडी दिली की मांडीचा टेकू होतो आणि हाताची तरफ. मनगटावर थोडा भार दिला तरी दांडग्याचे हाड जाते. म्हणून वडिलांचा नियम होता की अडकलेल्याने मातीवर थाप मारायची आणि वरच्याने तत्क्षणी सोडायचे. थाप मारण्यात कमीपणा नाही, न सोडण्यात आहे.

१९५१ साली माजिवड्याच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला गोविंदाला जोड मिळेना. एकाच तालमीतल्यांनी जत्रेत एकमेकांशी लढू नये, असा रिवाज आहे. तो मोडून त्याने राघोला मातीत ओढले. राघो चपळ. गोविंदाच्या प्रत्येक रेट्यातून तो निसटत होता आणि लोक हसत होते. शेवटी गोविंदाला त्याचा हात सापडला. राघोने थाप मारली. मी कडेलाच उभा होतो. गोविंदाने भार दिला. नंतर तो म्हणाला, "थाप तालमीत चालतं, मास्तर. ही जत्रा हाय." आणि चार लोकांत म्हणाला, थाप झालीच नाही. पंचांनीही पाहिली नाही असे सांगितले.

राघोचा उजवा हात आज तोंडापर्यंत जात नाही. पण तो हाताविषयी बोलत नाही. जेवताना मध्येच थांबून विचारतो, "दादा, मी थाप दिलेली ना रे?"

४. वडिलांनंतर तालमीचे वस्तादपद माझ्याकडे आले. माझ्यामागे वस्ताद आपणच, असे गोविंदा कोपरीभर सांगत असतो. 'वस्ताद गोविंदा म्हात्रे' अशी पाटी रंगवून त्याने ओटीवर ठेवली आहे. म्हणजे सगळे वजन त्याने पुढे टाकले आहे. मी त्याला अडवत नाही. वस्तादपद मी गोविंदालाच देत आहे. पाटीसाठी खिळेही माझ्या पेटीतले घ्यावेत.

अट एकच. नागपंचमीला हौद्याची पूजा झाल्यावर वस्तादाने पहिले मातीत उतरायचे, ही आमची रीत. गोविंदाने दरवर्षी उतरून सर्वांसमोर पालथे पडावे. राघो सांगेल त्या गड्याने त्याचा उजवा हात त्याच पकडीत धरावा. गोविंदाने मातीवर थाप मारावी. "सोड" राघोने म्हणावे, आणि कधी म्हणावे हे त्याच्या मर्जीवर. गड्याने नुसते धरावे, भार देऊ नये. हाड मोडावे अशी इच्छा मी येथे नोंदवत नाही. ती मला नाही, असेही नोंदवत नाही.

ज्या वर्षी तो उतरणार नाही, त्या वर्षी पद गेले आणि पाटी उतरली.

५. जागा, छपरी व हौदा राघोच्या मालकीचे होतील.

हा न्याय की सूड, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारले. न्याय असता तर लिहिताना इतका आनंद झाला नसता. तरीही एक शब्द खोडलेला नाही.

कागद वाचून गोविंदा तावातावाने माझ्या दाराशी येईल. मी तिथे नसेन.

ठिकाण: कोपरी, ठाणे
तारीख: १२ फेब्रुवारी १९५६
सही: मो. धा. म्हात्रे

साक्षीदार (राघोला यात लाभ असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही):

१. श्रीपाद गुप्ते, वकील, ठाणे. वरील सही माझ्यासमोर झाली.

२. धोंडीबा कदम, राहणार खोपट, १९५१च्या माजिवडा जत्रेतील पंच. सही माझ्यासमोर झाली. थापही माझ्यासमोर झाली होती.