जड चाप

स्पिट्सबर्गन, १८ जुलै १९३४

ती. हिल्मारदादास,
समुद्रापलीकडच्या या बर्फाळ बेटावरून सा. नमस्कार.

कोळशाचं जहाज उद्या निघतंय, म्हणून घाईत लिहितो. मी आणि मेहुणा आर्नुल्फ ठणठणीत आहोत. त्याने भाजलेल्या भाकऱ्या बुटांना तळवे म्हणून ठोकता येतील, पण माणूस गुणी आहे.

काम असं. लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली कापून तू गेल्या वर्षी दिल्यास, त्यांचा चाप फार जड आहे. अस्वलांसाठी लावलेल्या पेटीत रायफल, नळीच्या तोंडाशी सीलची चरबी, चरबीची दोरी चापाला. अस्वल चरबी ओढतं, चाप अडतो, तेवढ्यात ते मान वळवतं आणि डोक्यात बसायची गोळी जबड्यात बसते. अशी दोन जखमी होऊन निसटली. जखमी अस्वल झोपडीभोवती फिरत असलं की घास उतरत नाही. या खेपेच्या सहा रायफलींचे चाप अगदी हलके कर. तू घाबरट आहेस हे ठाऊक आहे, तरी कर.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
एडविन

बाल्सफ्योर्ड, ९ ऑगस्ट

ती. भाऊजींस राग्नाचा नमस्कार.

चाप हलके करून घेणार, असं यांनी मलाही लिहिलंय, तेही फुशारकीने. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारचा सिव्हर्ट पेटीवरचा बर्फ झाडायला समोरून गेला आणि स्वतःच्याच गोळीने मेला. यांनाही समोरून जायची खोड आहे. भाऊजी, पाया पडते, चाप आहेत तसेच जड ठेवा आणि यांना मात्र हलके केलेत असं कळवा, म्हणजे जपून वागतील. मला अस्वलाचं कातडं नको, नवरा हवा.

हे पत्र चुलीत घाला. माया आहे ती राहू द्या.
राग्ना

ट्रॉम्सो, २ सप्टेंबर

चि. एडविनास अ. आशीर्वाद.

शेवटच्या जहाजाने सहा रायफली आणि कॉफी पाठवली आहे. दस्ते कापले, नळ्या हातभर ठेवल्या. चाप तुझ्या हट्टापायी कानशीने घासून हलके केलेत. फुंकरीनेही सुटतील असं समज आणि पेटीसमोर चुकूनही उभा राहू नकोस. आर्नुल्फलाही बजाव.

तुझी काळजी वाहणारा,
हिल्मार

स्पिट्सबर्गन, २७ जून १९३५

ती. दादास,

आर्नुल्फ गेला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर लिहिणं व्हायचं नाही.

मार्चमध्ये तिसऱ्या पेटीवर अस्वलाने चरबी ओढली आणि गोळी जबड्यात बसली. आर्नुल्फ सरपण आणायला बाहेर गेला होता, ते जखमी अस्वल बर्फाच्या ढिगाऱ्याआड दबा धरून होतं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जमीन खणली जाईना, म्हणून त्याला दगडांखाली ठेवलंय.

चाप फुंकरीने सुटेल म्हणालास, म्हणून मी तो चाचपूनही पाहिला नाही. तेव्हा दोष माझाच. दोरी मीच सैल बांधली असणार. आठवून पाहतो तेव्हा ताणूनच बांधल्यासारखी वाटते, पण मग झालं कसं? राग्नाला कोणत्या तोंडाने लिहू? तू जाऊन सांग, माझ्या हातून तिचा भाऊ गेला असंच सांग. मी आता परत येणार नाही.

एडविन

ट्रॉम्सो, १२ जुलै

चि. एडविन,

दोरी सैल नव्हती. मी चाप घासलेच नव्हते. सहाही जसे लष्कराकडून आले तसेच पाठवले आणि तुला खोटं लिहिलं. माझ्या हातच्या हत्याराने तू मरू नयेस, एवढंच डोक्यात होतं. आर्नुल्फचा विचारच केला नाही. एखादी रायफल खोलून बघ, कानशीचा ओरखडाही दिसणार नाही.

राग्नाला भेटून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना घरी बोलवा."

तुला मला काय बोलायचं ते माझ्या बंदुकांच्या दुकानाच्या दारात उभा राहून बोल, पुन्हा तोंड पाहू नकोस हवं तर. पण मिळेल त्या जहाजाने तिच्याकडे जा. हे सारं मी एकट्याने केलं. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.
हिल्मार