वाट बघणारा पाय

९ मार्च, सोमवार, दुपार

चि. सौ. बाळीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद.

पडल्या पडल्याच वाच, उठून बसू नकोस. डॉक्टरांनी पडून राहा म्हटलं की पडून राहायचं, कंटाळा आला म्हणून खिडकीशी जाऊन उभं राहायचं नाही. मला सगळं कळतं. जावईबापू चहाड्या करण्यात पटाईत आहेत. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि तुझं ब्लडप्रेशर चढतं. पत्राला निदान मधेच तोडता येत नाही.

खारू मजेत आहे. तुझी आठवण काढते, पण रडत नाही. तुझ्या पोटातल्याला ती 'आळशी' म्हणते, कारण तो अजून बाहेर येत नाही. काल तिने तुझ्या आईला विचारलं, "आजी, तू लहान असताना म्हातारी होतीस का?" मी हसलो तर तुझ्या आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवसभर पोरीचं तोंड चालू असतं. झोपेत तेवढं बंद होतं, तेही पुरतं नाही.

तिला सोडायला आले तेव्हा जावईबापूंनी तुझी चिठ्ठी दिली. 'बाबा, खारूला त्या गाडीत बसवू नका. कारण आईला विचारा.' बस्स, एवढंच. ना 'कसे आहात', ना काही. मी आईला विचारलं नाही. तीही आपणहून काही बोलली नाही. आमच्याकडे सध्या असंच चाललंय.

तर गाडीचं तूच काढलंस, म्हणून सांगतो. घेऊन चार महिने झाले. दोन दारांची, बुटकी, राखाडी. विकणारा तिला स्पोर्ट्स कूपे म्हणत होता, तुझी आई खेळणं म्हणते. गाडी शिकवायच्या शाळेतला माझा वाटा भागीदाराला देऊन टाकला तेव्हा लोकांना वाटलं आता मी आरामखुर्ची घेणार. मी इंजिनवाली खुर्ची घेतली. म्हातारचळ म्हणणारे म्हणोत. बसताना कमरेतून 'आई गं' निघतं हे खरं, आणि उतरताना दाराला लोंबकळावं लागतं. दारं इतकी लांब की बाजारात दोन गाड्यांच्या मधे लावली तर पोट आत घेऊन बाहेर पडायचं. गतिरोधकावर पुढचा जबडा घासतो. मागची सीट नावालाच. तिथे मोठं माणूस मावत नाही, आणि लहान बसलं तर पुढची सीट वाकवल्याशिवाय त्याला बाहेर येता येत नाही.

पण चालवताना! अगं, काय सांगू तुला. वळायचं मनात आलं की वळलेली असते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हातातल्या मरतुकड्या गाड्यांत शेजारच्या सीटवर बसलो. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हण ना! स्टिअरिंग पोरांचं आणि माझ्याकडे काय, तर पायाखाली एक जादा ब्रेक. आत्ता कुठे स्टिअरिंग माझ्या हातात आलं.

एकच गोष्ट डोक्यात जाते. पुढे काही आलं की ही बया किंचाळते आणि माझ्याआधी स्वतःच ब्रेक लावते. मला! अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या माणसाला! बंद करून टाकलं ते. पण हट्टी इतकी, की गाडी सुरू केली की ते पुन्हा आपोआप चालू. मग मीही दर वेळी पडद्यावर बोट लावून पुन्हा बंद करतो. बघू कोण आधी थकतं.

तुला वाटत असेल, डोळे गेले असतील म्हाताऱ्याचे. नाही गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले, शेवटची ओळ घडाघडा वाचली. कान चांगले, गुडघा सोडला तर पाय चांगले. मला सगळं दिसतं, बाळी. इतरांच्या आधी दिसतं. तीच तर गंमत आहे.

हे जरा समजून घे, कारण तुझ्या आईला ते समजावता आलं नाही. शिकवणाऱ्याचं खरं कसब ब्रेक दाबण्यात नसतं, न दाबण्यात असतं. समोर लॉरी आली, पोराला ती दिसलीच नाही, तरी आपण पाय आवरायचा. लवकर दाबलास तर ते पोरगं जन्मात शिकत नाही, त्याला वाटतं कुणीतरी आहे. थांबायचं. अजून थांबायचं. त्याला स्वतःला दाबू द्यायचं. आणि अगदीच नाही दाबला तर शेवटच्या क्षणी आपण. तो शेवटचा क्षण मला बरोबर कळायचा. माझ्या शेजारी बसून कुणाचं कधी नखही मोडलं नाही.

तुलाही तसंच शिकवत होतो. दूधगाडीच्या मागे मी पाय आवरून बसलो आणि तू किंचाळलीस, "बाबा, तुम्ही का नाही दाबला?" तू दाबशील म्हणून, असं मी म्हटलं. तू गाडीतून उतरलीस आणि चालत घरी गेलीस, आणि आजतागायत स्टिअरिंगला हात लावला नाहीस. चिकाटी धरली असतीस तर माझ्यापेक्षा चांगली चालवली असतीस.

असो. कुठे होतो मी? हां.

मध्यंतरी सिग्नलपाशी पुढे बस उभी होती. मी मागे थांबलो, तुझी आई शेजारी. बसचा ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या खिडकीशी आला. बघतो तर माझाच जुना विद्यार्थी, तो कान मोठे असलेला. भांडायला आला होता, मला बघून वरमला. म्हणाला, "सर, तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. का रे?"

"आरशात बघत होतो सर. मला वाटलं, आता घुसतेच." मग गाडीच्या पुढे वाकून त्याने मधल्या फटीत हात घालून बघितला. हात आडवा जाईना. "पुढच्या गाडीची मागची चाकं दिसली पाहिजेत, हे तुम्हीच शिकवलंत ना सर?"

मी म्हटलं, थांबली की नाही? मग झालं तर. बसमध्ये चढताना एकदा वळून त्याने तुझ्या आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

त्या दिवसापासून तुझी आई शेजारी बसून "दाबा!" म्हणायला लागली. भाजीवाल्याच्या वळणावर, "अहो, दाबा!" बँकेपुढे, "दाबा, दाबा!" आणि ती म्हणाली की मी दाबतो, लगेच. मला वाटलं, बाईमाणूस आहे, घाबरते. तिला वाटायला लागलं की ती म्हणते म्हणूनच मी दाबतो. परवा शनिवारी तिने ते आजमावून बघायचं ठरवलं. हे तिने मला नंतर सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका साधा होता, की मला तिने आरडाओरडा केलेला चालला असता.

शनिवारी आम्ही शाळेच्या मागच्या रस्त्याने येत होतो. समोरून नाही, कडेच्या गल्लीतून सायकलवर आपली कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स आली. मला ती गल्लीच्या तोंडाशी असतानाच दिसली. पिशवी हँडलला, डोकं खाली. तुझी आई गप्प. मी बघतोय. नर्स रस्त्यात आली. तुझी आई गप्पच. मग नर्सनेच वर बघितलं आणि सायकल सरळ गटाराकडे वळवली. पडली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, देवाची कृपा. गाडी पुढे जाऊन थांबली. मी दाबला, पण ती पडल्यावर.

तुझी आई म्हणाली, "तुम्हाला दिसली होती ना?"

म्हटलं, हो.

"मग?"

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही ब्रेक दाबत नाही. तुम्ही वाट बघता." मग म्हणाली, "जित्याची खोड..." आणि पुढचं तिने गिळलं. त्यानंतर ती बाजारात चालत जाते.

आता तुला सांगतो ते आईला सांगितलेलं नाही. तिचं खरं आहे. नर्स समोर आली तेव्हा मला क्षणभर खरंच वाटलं, बघू, हे पोरगं दाबतंय का. आणि बाळी, स्टिअरिंगवर पोरगं कुठलं? मीच होतो. माझा पाय ब्रेकवर होता आणि मी त्याची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी भीती वाटत नाही. बरं वाटतं. सगळं गप्प होतं आणि मला वाटतं, अजून वेळ आहे. नंतर घरी बूट काढताना नाडी सुटत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं. हे सगळ्यांत वाईट. म्हणजे मला वाईट वाटायला हवं, तेवढं वाटत नाही.

तेव्हा तुझी चिठ्ठी बरोबर आहे. बाप म्हणून लिहायला जड जातंय, पण बरोबर आहे. खारूला मी त्या गाडीत बसवणार नाही. हा माझा शब्द. मी एकटा काय करायचं ते माझं मी बघेन, पण पोरीच्या बाबतीत निर्धास्त राहा. आणि हे वाचून रडू नकोस, आळशाला त्रास होईल.

तुझे,
बाबा

ता. क. पाकीट बंद केलेलं पुन्हा उघडलं. हे पत्र आजच जायला हवं, नाहीतर तुझ्या जिवाला उगाच घोर, आणि टपालपेटी थोड्या वेळात उघडतील. तुझी आई नर्सच्या घरी गेलीय, कोपर कसं आहे ते बघायला. जाताना किल्ली पर्समध्ये घालून गेली, गाडीबरोबर दोन किल्ल्या येतात हे तिला माहीत नाही. पेटी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आज माझा गुडघा धरलाय आणि पोरीला एकटी घरी कशी ठेवू? ती तर मागे चढून बसलीसुद्धा. पट्टा मी स्वतः लावलाय, ओढून बघितलाय. हे स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

तिला बजावलंय, आजोबा चालवताना एक शब्द बोलायचा नाही, समोर काही दिसलं तरी ओरडायचं नाही, आजीसारखं. गुणी आहे गं. दोन्ही हात तोंडावर दाबून बसलीय. आज पहिल्यांदाच इतकी गप्प.

दिलेला शब्द मी मोडत नाही. फक्त हे पत्र पेटीत पडल्यापासून तो धर.

निघतो.
बाबा