कललेल्या खांबावरचे आकडे

मी, दीपमाला भीमराज मुनेश्वर, वय २४, बी.ए., आमच्या घरातली पहिली शिकलेली, राहणार चिखलतोडा, ता. दारव्हा, गावच्या तलाव पाणी वापर संस्थेची सचिव. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी नागपूरला भरती व्हायचे आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. भीती आहे, ती फक्त ऑपरेशनची. तीनदा कच्चे लिहून मग हे पक्के लिहिते.

१. सायकल व कानातले बहीण वैष्णवीला. सायकलची चेन उतरते. हे न सांगता देणे बरोबर नाही.

२. पुस्तके आई रुखमाबाईला. तिला वाचता येत नाही, पण ती रद्दीत घालणार नाही.

३. कबुली. गेल्या वर्षी तलावातला मोजखांब गाळात कलला. कललेल्या खांबावर पाणी असते त्याहून जास्त दिसते. मी रोज इंच न् इंच वाचून सुवाच्य अक्षरात लिहिले; खांबाकडे पाहिलेच नाही. त्या आकड्यांवर अध्यक्ष विठ्ठलरावांनी गव्हाला पाण्याची तिसरी पाळी सोडली. एप्रिलमध्ये तलावाखालच्या तांड्याची विहीर आटली. तांड्यावरच्या रामीबाईंच्या दोन म्हशी पाणी शोधत तलावाच्या गाळात रुतून मेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, खांब वाकडा झाला, अन् तू सरळ रेघा मारून राह्यली!" मला माझ्याच अक्षराची किळस आली.

विठ्ठलरावांना खांब कललेला ठाऊक होता. मी बैठकीत विचारले, तर हसत म्हणाले, "पोरी, कापसानं मारलं, गव्हानं तरी तारलं. खांबाच्या मागं कायले लागली? तुही वही मस्त हाय." तांड्याचा टँकरसाठीचा अर्ज त्या बैठकीत चहाच्या बशीखाली होता. बशी कोणी उचलली नाही. मीही नाही.

४. टेप, ओळंबा आणि यंदाची कच्ची वही मी स्वतः विकत घेतलेले, हे रामीबाईंना. वहीत ओळंबा सोडून घेतलेली खरी मापे आहेत. ती ग्रामसभेत माझ्या चुकीसकट मोठ्याने वाचून घ्यावीत. मी परत आले तर हे मीच करीन.

५. तलावाच्या दरवाजाची चावी संस्थेची आहे. ती मृत्युपत्राने देता येत नाही. आज पाणी मोजून चार फुटांवर आले. त्याखालचे पाणी फक्त माणसांचे आणि जनावरांचे, असा नियम आहे. सकाळी दरवाजा बंद केला. सचिव गैरहजर राहणार असेल तर तिने चावी लेखी नोंद करून कोणाही सदस्याकडे सोपवावी, असाही नियम आहे. रामीबाईंना विठ्ठलरावांनीच नावापुरते सदस्य केले होते. चावी त्यांना दिली, पोच घेतली.

दुपारी विठ्ठलराव आले. "चावी कुठं हाय?" मी नियम वाचून दाखवला.

"मरायच्या आधीच वाटण्या करून राह्यली काय वं?"

"हो," म्हटले. "मेल्यावर तुम्ही करू देणार नाही."

रामीबाईंना वस्तू मिळतात, म्हणून त्या साक्षीदार नाहीत. खालील दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: दीपमाला भीमराज मुनेश्वर

साक्षीदार:
१. नासिर शेख, पंपमिस्त्री (सही)
२. खेमसिंग राठोड, पाटकरी (डावा अंगठा)

चिखलतोडा, दि. १८ फेब्रुवारी २००७